रंगराव नाझर आणि अकरावा भाग

रंगराव नाझर पेन्शनीत निघून साखरखेर्ड्याला राहायला आले त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि या दीड वर्षात गावातल्या एकाही माणसाने त्यांना एकही कागद दाखवला नव्हता. ज्या माणसाने तीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत जप्तीच्या म्हशीपासून सरकारी टेबलाच्या मोडक्या पायापर्यंत सगळ्याची नोंद ठेवली, त्याला हे किती जड गेलं असेल, ते ज्याचं त्यालाच कळावं. लोक यायचे, चहा प्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे आणि निघून जायचे. अर्ज कसा लिहावा, हे विचारायला कुणी येत नव्हतं.

म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी भगवानरावांनी वाचनालयाची बैठक बोलावली, तेव्हा रंगराव सर्वांच्या आधी, कोट घालून हजर झाले.

भगवानराव म्हणजे गावातली मोठी असामी. दोनशे एकर काळी जमीन, आणि बाजाराच्या तोंडावर रस्त्याला लागून एक ऐसपैस खोली. ती खोली वाचनालयाला द्यायला ते तयार होते, पण त्यांची एक अट होती.

"वाचनालय सरकारमान्य पाह्यजे," ते म्हणाले. "चार टवाळ पोरं बसून बिड्या फुकतीन, अशासाठी मी खोली देत नाई. एकतीस मार्चपर्यंत कागद दाखवा. नाई तर एक तारखेले मी तिच्यात सरकी भरतो."

सरकारमान्य व्हायचं तर जिल्ह्याच्या कौन्सिलाचा नियम होता. नियमाचा कागद रंगरावांनीच सर्वांना वाचून दाखवला, आणि दोनदा वाचला, कारण वाचताना त्यांना फार बरं वाटत होतं. 'संस्थेपाशी किमान दोनशे रुपये किमतीचा ग्रंथसंग्रह असावा, व त्या किमतीबद्दल लायक इसमाचा दाखला अर्जासोबत जोडावा.'

"ग्रंथ माझ्याकडे आहेत," रंगराव म्हणाले. "आणि दाखल्याचं म्हणाल, तर दोन दिवसांत आणतो. तीस वर्षं मी दुसरं केलं काय?"

ग्रंथ खरोखरच होते. धाड गावी रंगरावांचे मावससासरे होते. ते वारले, आणि मावससासू अन्नपूर्णाबाईंनी घर आवरताना एक पत्र्याची पेटी भाचीकडे, म्हणजे रंगरावांच्या सत्यभामाबाईंकडे, पाठवून दिली. पेटीत कागदी वेष्टणाची सदतीस पुस्तकं होती. पन्नास वर्षांपूर्वी पुण्याकडच्या कुठल्याशा छापखान्याने 'रसिकमनोहर कथाकाव्यपेटिका' नावाची माला काढली होती. देशोदेशीच्या जुन्या नामांकित कथा मराठीत, दर महिन्याला एक भाग, टपालाने घरपोच. मावससासरे तिचे वर्गणीदार होते. वाचक नव्हते. भाग यायचा, ते पत्ता तपासायचे, पोचपावती फायलीत लावायचे आणि भाग पेटीत ठेवायचे. रंगरावांना त्यांच्याबद्दल पहिल्यापासून आदर होता तो यासाठीच.

रंगरावांनी स्वतः पेटी आल्याबरोबर पुस्तकांची यादी केली होती. अनुक्रमांक, भाग, वेष्टणाचा रंग, शेरा. भाग उघडून पाहावा तर पानं काठाला एकमेकांना जोडलेली. मधल्या पानावर काय छापलंय ते डोळा लावून डोकावल्याशिवाय दिसायचं नाही. छापखान्याची चूक, असं ठरवून त्यांनी सदतीसच्या सदतीस भागांपुढे 'किंचित नादुरुस्त' असा शेरा मारला आणि पेटीला कुलूप लावलं. किल्ली सत्यभामाबाईंच्या जुडग्यात दिली, कारण घरातल्या सगळ्या किल्ल्या तिथंच असायच्या.

आता प्रश्न एवढाच होता, की या पुस्तकांची किंमत किती?

बैठक सुटली ती सरळ रंगरावांच्या ओसरीवर आली. पुंजाजी वाण्याने येतानाच तराजू आणला होता. सदतीस भाग त्याने तीन खेपांत तोलले आणि म्हणाला, "साडेचौदा शेर. कागद जाड हाये, गुळाले चालन. तिखटाच्या पुडीले नाई जमत, कोपरे फाटतेत."

"पुंजाजी, हे साहित्य आहे," रंगराव म्हणाले.

"साहित्य त साहित्य. वजन तेच."

बैलांच्या बाजारात दलाली करणारे अर्जुनराव पुढं सरसावले. त्यांनी एक भाग उचलला, पाठीवरून अंगठा फिरवला, उलटा धरून झटकला, नाकाशी नेला.

"वय किती?"

"पन्नास वर्षं."

"मंग कामाचं नसन राह्यलं." मग रंगरावांचा चेहरा पाहून ते जरा नरमले. "नाई, पन मांडणी चांगली हाये. जोडी फुटली नाई ना? सदतीसच्या सदतीस एका दावनीचे? मंग गिऱ्हाईक भेटते. पारखी पाह्यजे फक्त."

रंगरावांनी दोघांचे आभार मानले आणि मनात म्हटलं, लायक इसम शोधायला कचेरीतच गेलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन ते सर्व्हिस मोटारीने तालुक्याला गेले. त्यांच्या जागी आता इंद्रभान नाझर होता. हा इंद्रभान अकरा वर्षं रंगरावांच्या हाताखाली कारकून होता. त्याला फाइल बांधायची कशी, लाल फीत कुठं ओढायची आणि पक्षकाराकडे वर न पाहता 'बसा' कसं म्हणायचं, हे सगळं रंगरावांनीच शिकवलं होतं.

"बसा," इंद्रभान वर न पाहता म्हणाला.

रंगराव बसले. बाकावर. त्या बाकावर त्यांनी तीस वर्षं लोकांना बसलेलं पाहिलं होतं. त्याला मधोमध एक खिळा वर आलेला आहे, हे मात्र त्यांना आजच समजलं.

तासाभराने इंद्रभानने त्यांना ओळखलं, उठून नमस्कार केला, पानसुपारी मागवली, आणि अर्ज वाचून गंभीर झाला.

"साहेब, तुमालेच माहीत हाये. दागिना असन त सोनाराचा दाखला. लाकूड असन त जंगलखात्याचा. जनावर असन त ढोरडॉक्टरचा. पुस्तकाचा रकानाच नाई."

"'इतर' मध्ये घाल."

"इतर मध्ये घातलं त खजिन्याकडं जाते."

खजिन्याचा कारकून दोन खोल्या पलीकडे होता. त्याने एक भाग चाळायचा प्रयत्न केला आणि बराच वेळ विचार करून निकाल दिला, की छापील कागद हा लेखनसामग्रीत मोडतो. लेखनसामग्रीची किंमत कोऱ्या कागदावरून ठरते. या कागदावर आधीच छापून झालेलं आहे, म्हणजे तो वापरलेला आहे. वापरलेल्या लेखनसामग्रीची सरकारी किंमत शून्य.

रंगरावांना राग आला. पण त्या रागात, का कोण जाणे, थोडं कौतुकही होतं. निकाल नियमाला धरून होता.

"असं करू," इंद्रभान म्हणाला, "नमुन्यादाखल एक भाग ठेवून जा. तहसीलदारसाहेबांपुढं ठेवतो. लायक इसम कोन, ते तेच सांगतीन." आणि त्याने पेटीतून हाताला लागला तो भाग उचलला. तो अकरावा होता. रंगरावांनी पोच मागितली, इंद्रभानने पोच दिली, आणि छत्तीस भाग घेऊन रंगराव परत आले.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. रंगराव दर दोन दिवसांआड तालुक्याला जात, बाकावर खिळा चुकवून बसत, आणि 'साहेब दौऱ्यावर आहेत' किंवा 'फाइल साहेबांच्या टेबलावर आहे' हे ऐकून परत येत. गावात मोटारीतून उतरलं की पुंजाजी दुकानातून विचारायचा, "आनला का कागद?" रंगराव कोटाची बटणं लावत म्हणायचे, "प्रकरण चालू आहे." हे उत्तर त्यांनी तीस वर्षं दिलं होतं, पण ऐकणाऱ्याला ते कसं वाटतं याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अर्जुनराव एका पाहुण्याला घेऊन ओसरीवर आले. नारायणराव म्हणून नागपूरकडचे गृहस्थ, गावोगाव हिंडून जुनी पुस्तकं हुडकायचे आणि शहरातल्या शौकिनांना पुरवायचे. धर्मशाळेत उतरले होते.

"म्या म्हनलं होतं ना, पारखी पाह्यजे?" अर्जुनराव म्हणाले. "घ्या. आनला."

नारायणरावांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि पेटीपुढं मांडी घातली. खरा जाणकार शेवटून सुरुवात करतो, असं म्हणून त्यांनी सदतिसावा भाग उचलला. पानांच्या काठावरून नख फिरवलं. आणि भाग उजेडाकडे धरला.

"अहो, ही न कापलेली आहेत!"

"छापखान्याची चूक," रंगराव ओशाळून म्हणाले. "मी शेऱ्यात लिहिलं आहे."

"चूक कसली! तेव्हा कागद घडी घालूनच शिवायचे. घेणाऱ्याने घरी चाकूने पानं कापून मग वाचायचं. न कापलेलं पुस्तक म्हणजे कुणाचा हात न लागलेलं पुस्तक. पन्नास वर्षांनी न कापलेला अख्खा संच! मी अशी जोडणी आयुष्यात पाहिली नाही. तीनशे रुपयांचा दाखला आत्ता लिहून देतो."

रंगरावांनी ओसरीच्या खांबाला धरलं. नारायणराव एकेक भाग काढत राहिले. छत्तीस, न कापलेला. पस्तीस, न कापलेला. तीस, पंचवीस, वीस. प्रत्येक भागागणिक ते मान डोलावत आणि अर्जुनराव, जणू स्वतःच्या गोठ्यातलं जनावर दाखवावं तसे, छाती काढत. बारावा न कापलेला. अकरावा नव्हता, त्याची पोच रंगरावांनी दाखवली. दहावा नारायणरावांनी हातात घेतला, आणि तो त्यांच्या हातात आपोआप उघडला.

पानं कापलेली होती. काठावर हळदीचं पिवळं बोट होतं. मधे खूण म्हणून शेवईचा एक वाळका तुकडा ठेवलेला होता.

नववा कापलेला. आठवा कापलेला. पहिल्या भागावर कुरडईच्या चिकाचा थेंब वाळून कडक झाला होता.

"हे कुणी केलं?" नारायणराव क्षीण आवाजात म्हणाले.

माजघराच्या दारातून सत्यभामाबाई म्हणाल्या, "म्या केलं. वांगे चिराच्या चाकूनं."

प्रकार असा होता. महिनाभर दुपारची घराघरांत वाळवणं चालली होती. सत्यभामाबाईंकडे दहा-बारा बायका शेवया वळायला जमत. रंगराव दर दोन दिवसांआड तालुक्याला. सत्यभामाबाई धाडच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. बायकांनी विचारलं, की ज्या पुस्तकांपायी नाझरसाहेब एवढे हिंडून राह्यले, त्यांत हाये तरी काय? सत्यभामाबाईंनाही ते माहीत नव्हतं. किल्ली जुडग्यात होतीच.

नारायणरावांनी पंचा खांद्यावर टाकला. "कापलं की किंमत गेली. आता मी काय सांगू? तुमच्या त्या वाण्यालाच विचारा."

"मले एक सांगा, भाऊ," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तुमी या पुस्तकांतलं एखांदं वाचलं हाये का?"

"मी पारखी आहे, बाई. वाचायला बसलो तर पारख कधी करू?"

"मंग न वाचता किंमत कशी कळली तुमाले?"

नारायणरावांनी वहाणा पायात घातल्या. ते गेले, त्यांच्या मागोमाग अर्जुनरावही, 'मले घरी काम हाये' म्हणून गेले. ओसरीवर नवरा-बायको उरले.

"अवं, तीनशे रुपये म्हणत होता तो," रंगराव म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा निघायला हवा होता, पण तो रडवेला निघाला. "साऱ्या गावात मी शब्द दिलाय. आता परवा सरकी भरतील त्या खोलीत, आणि पुंजाजी मला जन्मभर विचारत राहील."

सत्यभामाबाईंना वाईट वाटलं. त्या जवळ येऊन बसल्या. मग राहवलं नाही.

"चुकलंच माझं. पन एक काम करा ना. उद्या जाता, त तो अकरावा भाग घेऊन या. त्यात एका वैद्याची पोर हाये. राजा बारा दिवसांपासून उपाशी, कोनाचंच औषध लागू पडत नाई. ते पोर दरबारात येते, राजाची नाडी पाहाले हात धरते, आन् खुदकन हासते. तठीच दहावा भाग संपते. आपल्या शेवयावाल्या गोजरबाईले चार दिवसांपासून झोप नाई. ते पोर काऊन हासली हो?"

"मला काय माहीत?" रंगराव म्हणाले. पण त्यांच्याही लक्षात राहिलं.

एकतीस मार्चला रंगराव कचेरीत पोचले तेव्हा बाकावर कुणी नव्हतं. इंद्रभान त्यांना पाहून उठून उभा राहिला. त्याच्या टेबलावर सरकारी चाकू उघडा पडला होता आणि त्याच्या पात्याला कागदाचा कोंडा लागलेला होता.

"साहेब, रागावू नका," तो म्हणाला. "नमुना तपासाचा म्हनून म्या जरासं कापून पाह्यलं. मंग खजिनेवाल्यानं नेलं. मंग तहसीलदारसाहेबांनी मागून घेतलं. तुमाले आत बोलावलंय."

तहसीलदार तरुण होते, वर्ध्याकडचे. अकरावा भाग त्यांच्यापुढं होता.

"या नाझरसाहेब. मला एवढंच सांगा, ही मुलगी मुळात दरबारात आली कशी? तिचा बाप कैदेत का आहे?"

"साहेब, ते मागच्या भागात असेल."

"म्हणजे? तुमची पुस्तकं ना? तुम्ही वाचली नाहीत?"

रंगरावांच्या तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी हिशेबात, वेळेत किंवा कागदात पकडलं नव्हतं. आज पकडले गेले.

"साहेब," ते खाली पाहत म्हणाले, "मी यादी केलेली आहे."

तहसीलदार हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. त्यांनी कागद ओढला आणि दाखला लिहिला. किमतीच्या रकान्यात लिहिलं: 'अकरावा भाग समक्ष वाचला. मागील व पुढील भाग वाचल्याशिवाय नक्की किंमत करता येत नाही. तूर्त दोनशे रुपयांहून कमी नाही, असे मत आहे.' सही केली, शिक्का मारला, आणि भाग परत देताना क्षणभर हात आखडता घेतला.

"दहावा आणि बारावा वाचनालयात मिळतील ना?"

"मिळतील, साहेब."

चार वाजताच्या मोटारीत रंगराव खिडकीशी बसले. दाखला आतल्या खिशात, भाग मांडीवर. उघडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, कारण घरी सत्यभामाबाई वाट पाहत होत्या आणि आधी त्यांनीच वाचावं हे न्यायाचं होतं. पण भाग खराब झाला नाही ना, एवढं तपासायला काय हरकत होती? त्यांनी पहिलं पान तपासलं. मग दुसरं तपासलं.

मोटारवाल्याने "उतरा हो नाझरसाहेब" म्हटलं तेव्हा रंगराव विसाव्या पानावर होते. ते "हां हां" म्हणाले आणि पुढचं पान उलटलं. नंतर त्यांनी मान वर केली तेव्हा बाहेर भलतंच गाव होतं, साखरखेर्डा तीन कोस मागं राहिला होता, आणि परतीची मोटार उद्या सकाळी होती.

एकतीस तारीख होती. रंगराव चालत निघाले. अर्ध्या वाटेत उजवी वहाण तुटली, ती त्यांनी हातात घेतली. एका बंडीवाल्याने कोसभर बसवून आणलं, आणि उतरताना विचारलं, "हसत काऊन होते हो मघापासून?" रंगराव म्हणाले, "राजाच्या पोटामुळं." बंडीवाल्याने बैल जरा जोरात हाकले.

दिवेलागणीला ते बाजाराच्या तोंडाशी पोचले. खोलीपुढं सरकीच्या दोन बंड्या उभ्या होत्या. भगवानरावांनी तारीख उजाडायची वाट न पाहता पोती आणवली होती. पण पोती बंड्यांवरच होती, कारण खोलीत बायका बसल्या होत्या. सत्यभामाबाई, गोजरबाई, शेवयावाल्या सगळ्या. आणि सर्वांत पुढं, कंदिलाशेजारी, भगवानरावांच्या मंजुळाबाई. बाहेर भगवानराव येरझाऱ्या घालत होते.

"आनला का कागद?" ते गरजले.

रंगरावांनी खिशात हात घातला.

"कागद ऱ्हाऊ द्या," आतून मंजुळाबाई म्हणाल्या. "आधी सांगा, ते पोर काऊन हासली?"

रंगराव आत गेले. तुटकी वहाण खाली ठेवली, कंदील जवळ ओढला आणि वाचायला लागले. तीस वर्षं त्यांनी फक्त नोटिसा मोठ्याने वाचल्या होत्या. सुरुवातीला वैद्याची मुलगीही नोटीस बजावल्यासारखीच बोलली. पण दुसऱ्या पानापासून त्यांचा आवाज मोकळा झाला. मुलगी हसली, कारण राजाच्या नाडीत उपास नव्हताच. राणीवर रुसून राजाने बारा दिवस ताट परत पाठवलं होतं आणि रोज मुदपाकखान्याच्या मागच्या दाराने जाऊन लाडू खाल्ले होते. नाडीत तिला सरळ सरळ तूप सापडलं.

खोलीत एवढा हशा झाला की बंड्यांचे बैल दचकले. पण हसता हसता बायकांच्या माना हळूहळू दाराकडे वळल्या. वाचनालय की सरकी, यावरून घरात वाद होऊन भगवानरावांनी चार दिवस जेवण सोडलं होतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मंजुळाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"म्हनून मले वाटे," त्या म्हणाल्या, "शेंगदान्याचा डबा कसा खाली होऊन राह्यला."

भगवानरावांना जोराचा खोकला आला. तो ओसरल्यावर ते गाडीवानांवर ओरडले, "पाहता काय बे? बंड्या मळ्यात घ्या!" आणि मग उंबऱ्याशी टेकत, आवाज शक्य तेवढा सरकारी ठेवून म्हणाले, "हां, नाझर. पुढं काय झालं राजाचं?"

अर्ज दुसऱ्या दिवशी दाखल्यासह बुलढाण्याला गेला. महिन्याने जिल्ह्याच्या कौन्सिलाचं उत्तर आलं. दाखला मिळाला, तथापि किमतीचा अभिप्राय अपुरा असून, पुढील तपासणीसाठी भाग बारा, तेरा व चौदा या कार्यालयाकडे त्वरित पाठवावेत.

रंगरावांनी ते पत्र वाचनालयात सर्वांना वाचून दाखवलं. पुंजाजीसुद्धा दुकान बंद करून आला होता. तेराव्या भागात त्याचा जीव अडकला होता. रंगरावांनी चष्मा पुसला, टाक शाईत बुडवला, आणि पत्राच्या कोपऱ्यात सुंदर, वळणदार अक्षरात शेरा मारून ते परतीच्या टपालाने पाठवून दिलं: 'भाग बाहेर देता येत नाहीत. संबंधितांनी समक्ष येऊन वाचावे.'

आठव्या दिवशी बुलढाण्याहून दोन कारकून समक्ष आले. खोली भरलेली होती. त्यांना उंबऱ्याशी, बायकांच्या चपलांशेजारी जागा मिळाली, आणि त्यांनी तक्रार केली नाही.